जुन्या पिकअपचा थोडा वाकलेला मागचा बंपर सरळ कसा करावा

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक चढली की गाळ्यांसमोर गाड्या रिव्हर्स घेताना इंचभरही जागा उरत नाही. गाळ्याचा ओटा आरशात दिसत नाही आणि बंपरचा एक कोपरा दोन-तीन बोटं आत जातो. उसाच्या फडातून निघताना मोरीच्या कठड्याला मागची बाजू टेकते तेव्हाही हेच होतं. असा बंपर बहुतेक वेळा दुरुस्त होतो, नवा घ्यावा लागत नाही. पण साखळी झाडाला बांधून गाडी पुढे हिसकायची, ही सर्रास दिसणारी पद्धत कृपा करून वापरू नका. हिसक्यात किती जोर बसला ते कळत नाही. तो जोर बंपरवर न थांबता ब्रॅकेटमधून चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, टोकापर्यंत जातो आणि शंभर रुपयांच्या कामापायी चासीची भोकं अंडाकृती होतात.

इथली माहिती बोलेरो पिकअप, टाटा २०७, झेनॉन अशा लोखंडी चासीच्या आणि पत्र्याच्या किंवा चॅनलच्या बंपरच्या गाड्यांना लागू पडते. पाइपचा बंपर आणि प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

आधी ठरवा: वाकलंय नेमकं काय?

बंपर वाकडा दिसतो म्हणजे बंपरच वाकला असेल असं नाही. चार शक्यता असतात: बंपरचा पत्रा, बंपर आणि चासी जोडणारं ब्रॅकेट, चासीचं टोक, किंवा यातलं काहीच नाही आणि एका बाजूचा पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) बसला आहे. शेवटची शक्यता आधी तपासा, कारण तिला पाना लावायचीही गरज नसते.

गाडी रिकामी करा, सपाट काँक्रीटवर उभी करा आणि मागच्या दोन्ही टायरांत सारखी हवा भरा. आता बंपरच्या दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा आणि चासीच्या दोन्ही टोकांचीही मोजा. चासीच एका बाजूला २० मिमी खाली असेल आणि बंपर तिच्याशी समांतर असेल, तर दोष पाट्यात किंवा शॅकलच्या (पाटा चासीला जोडणाऱ्या कडीच्या) बुशात आहे. तिथे बंपर सरळ करत बसलात तर तो खरोखरच वाकडा होईल.

पाटे ठीक निघाले तर चासी तपासा. स्टेपनी खाली लटकत असेल तर ती काढा, हात घालायला जागा होते. डाव्या शॅकलच्या बोल्टापासून चासीच्या उजव्या टोकापर्यंत टेप धरा, मग उजव्या बोल्टापासून डाव्या टोकापर्यंत. दोन्ही तिरक्या मापांत ५ मिमीहून जास्त फरक असेल, ब्रॅकेटजवळ चासीचा रंग सुरकुतून तडकला असेल किंवा बोल्टची भोकं लांबट झाली असतील, तर काम तिथेच थांबवा. ते चासी अलाइनमेंटचं काम आहे. चासी घरी तापवायची नाही आणि तिच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंगही करायचं नाही.

बंपरचा बाक मोजायला मिस्त्रीची सुताची दोरी पुरते. बंपरच्या मागच्या बाजूला दोन्ही टोकांवर सारख्या जाडीचे दोन लाकडी ठोकळे ठेवून दोरी ताणा. दर २० सेंमीवर दोरी आणि पत्रा यांतलं अंतर मोजा आणि ते खडूने बंपरवरच लिहा. टोकच आत गेलं असेल तर दोरी दोन्ही ब्रॅकेटसमोरच्या भागावर धरा आणि टोकापर्यंत पुढे न्या. अंतर ४०-५० मिमीच्या आत असेल आणि पत्र्याला तीक्ष्ण घडी पडली नसेल तर बंपर सरळ होतो. कागद दुमडल्यासारखी घडी असेल तर तिथलं लोखंड ताणून कडक झालेलं असतं. सरळ करताना ते तडकतं आणि तडकलं नाही तरी पुढच्या धक्क्याला तिथेच मोडतं. तसा बंपर बदला. मागून आपटणाऱ्या दुचाकीस्वाराला गाडीखाली जाण्यापासून तोच अडवतो, त्यामुळे तो नुसता सरळ दिसून भागत नाही, मजबूतही असावा लागतो.

धक्का कुठून आला, त्यावर बाक ठरतो

कोपऱ्यावर धक्का बसला तर ब्रॅकेटबाहेर आलेलं टोक पुढे झुकतं आणि बाक ब्रॅकेटच्या अगदी बाहेरच्या कडेला असतो. मधोमध बसला तर बंपर धनुष्यासारखा होतो, टोकं मागे उघडतात आणि दोन्ही ब्रॅकेट आतल्या अंगाला पिळतात. मोरी किंवा बांध खालून लागला तर बंपर बहुधा सरळच राहतो, ब्रॅकेटचं तोंड मात्र वर फिरतं.

यातून कामाची दिशा मिळते. धक्का ज्या बाजूने आला त्याच्या बरोबर उलट बाजूने, बाक सुरू होतो तिथेच जोर द्यायचा. टोक आत गेलंय म्हणून टोकावर घण मारत राहिलं की टोकाला पोचे पडतात आणि ब्रॅकेटजवळचा खरा बाक तसाच राहतो.

सामान

५ टनी बाटली जॅक. याहून मोठा नको, मोठ्या जॅकच्या एका दांड्यात जास्त जोर बसतो आणि हाताला अंदाज येत नाही. टोकासाठी गाडीचा कैची जॅकही चालतो. १० मिमीची ग्रेड ८० साखळी, हिची सुरक्षित भारक्षमता ३.१५ टन असते. फाटकाला लावायची बाजारू साखळी यात वापरू नये. बंपरपेक्षा फूटभर लांब असा मजबूत सरळ बीम. भंगारात जुन्या ट्रकच्या चासीचा तुकडा मिळतो, तो यासाठी उत्तम. बाभळीचे किंवा सागाचे चार-सहा ठोकळे, १० मिमी जाड लोखंडी पट्टी, दोन सी-क्लॅम्प, दोन किलोचा हातोडा, डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), गुण्या, तारेचा ब्रश, चार इंची ग्राइंडर आणि फ्लॅप डिस्क. पाने १३, १७ आणि १९ चे, रिंग पाना किंवा सॉकेटच घ्या. गंजलेल्या बोल्टचे कोपरे उघड्या तोंडाच्या पान्याने हमखास घसरतात. हातमोजे आणि चष्मा हेही सामानच आहे.

काढणं

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टना तारेचा ब्रश मारा आणि डब्ल्यूडी-४० किंवा रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून सोडा. बोल्टच्या डोक्यावर हातोड्याने चार हलके टोले द्या, गंज सुटून तेल आत शिरतं. सकाळी पुन्हा एकदा सोडा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नंबर प्लेटचा दिवा, रिव्हर्स लाइट आणि बझर यांचे कपलर सोडवा आणि कोणती वायर कुठे जाते याचा मोबाइलवर फोटो घ्या. नंबर प्लेट बंपरवरच असेल तर जरा विचार करा: हाय सिक्युरिटी प्लेटचं लॉक एकदाच बसतं आणि तोडल्याशिवाय निघत नाही. प्लेट ज्या पट्टीवर आहे ती पट्टीच बोल्टसकट वेगळी होत असेल तर ती तशीच काढून ठेवा.

बंपरखाली दोन ठोकळे किंवा घोडी द्या, मगच शेवटचे बोल्ट सोडा. हे दोन माणसांचं काम आहे. पहिला बोल्ट थोडा सैल केल्यावर बंपर आपोआप सरकतो का ते बघा. पाच-दहा मिमी सरकला तर बराचसा दोष ब्रॅकेटमध्ये अडकलेल्या ताणाचा होता, त्यामुळे नंतर सगळं पुन्हा मोजा.

नट फिरतच नसेल तर तो ग्राइंडरने उभा चिरून काढणं सगळ्यात सोपं. पण डिझेल टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग ओल्या गोणपाटाने झाका आणि वाळूची बादली जवळ ठेवा. तिथे गॅसची ज्योत नेऊ नये.

स्वच्छता आणि चीर शोधणं

निघालेला बंपर धुऊन आतला चिखल खरवडा. सोलापूरच्या कोरड्या हवेत लोखंड लवकर गंजत नाही, पण हौद्यातून गळणारं कांद्याचं पाणी आणि युरिया-डीएपीची सांडलेली खतं चॅनलच्या आतल्या कोपऱ्यात साचतात आणि तिथला पत्रा आतून खातात. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो टोचून बघा. टोक आत शिरलं तर तो भाग कापून नवी पट्टी वेल्ड करावी लागेल. सडका पत्रा जॅकखाली सरळ होत नाही, फाटतो.

चीर शोधायला रॉकेल आणि खडू पुरतात. बाकाजवळ आणि बोल्टच्या भोकांभोवती रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा आणि खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल परत वर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. ही तपासणी आता एकदा आणि बंपर सरळ केल्यावर पुन्हा एकदा करा.

जॅकने सरळ करणं

इथेच सगळ्यात जास्त सबुरी लागते. लोखंड स्प्रिंगसारखं असतं: दाबलं की थोडं कायमचं वाकतं आणि बाकीचं सोडल्यावर परत येतं. जॅक लावलेला असताना बंपर सरळ दिसला तरी सोडल्यावर तो पुन्हा वाकडा दिसणार. त्यासाठी सरळ रेषेच्या थोडं पलीकडे जावं लागतं. किती पलीकडे, ते प्रत्येक पत्र्याचं वेगळं असतं. म्हणून दाबा, पूर्ण सोडा, मोजा. पुन्हा ३-४ मिमी जास्त दाबा, सोडा, मोजा. घाई करून रेषा ओलांडली आणि उलट बाजूला वाकवायची वेळ आली तर तिथलं लोखंड दोनदा दमतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट चॅनलच्या आकाराची. बंपरचा पत्रा इंग्रजी ‘सी’सारखा दुमडलेला असतो आणि त्याची ताकद त्या दोन कडांमध्ये असते. रिकाम्या चॅनलवर जॅक टेकवला की आधी कडाच बाहेर पसरतात किंवा आत मिटतात. मग बंपर सरळ होतो पण चपटा होतो आणि ताकद जाते. यावर उपाय एकच: जोर पडणार त्या जागी चॅनलच्या आत गच्च बसेल असा लाकडी ठोकळा तासून भरा. बाकाच्या दोन्ही बाजूंना एक वीत तरी पोहोचेल इतका लांब हवा.

टोक आत गेलं असेल तर: बंपरची पुढची, म्हणजे चासीकडची बाजू खाली करून तो बीमवर ठोकळ्यांवर ठेवा. वाकलेलं टोक आता बीमकडे झुकलेलं दिसेल. एक ठोकळा बरोबर बाकाच्या जागी हवा. सरळ भाग सी-क्लॅम्प आणि साखळीने बीमला आवळा. टोकाखाली कैची जॅक उभा करा, वर लाकूड ठेवा आणि हळूहळू उचला. बाटली जॅक उंच असतो, तो वापरायचा तर ठोकळे त्या मानाने उंच घ्यावे लागतील.

मधोमध धनुष्य झालं असेल तर: फुगवटा वर येईल असा बंपर बीमवर ठेवा. बाकाच्या दोन्ही बाजूंना २५-३० सेंमीवर खाली ठोकळे द्या. फुगवट्यावर लाकूड, त्यावर लोखंडी पट्टी, त्यावर उभा बाटली जॅक. जॅकच्या डोक्यावर एक जाड आडवा तुकडा ठेवा आणि साखळी त्यावरून घेऊन बीमखालून गुंडाळून घट्ट अडकवा. जॅक चढला की साखळी ताणली जाते आणि जॅक फुगवटा खाली दाबतो. साखळीवर ओलं गोणपाट टाका आणि तिच्या रेषेत कोणी उभं राहू नका. जॅक तिरपा होताना दिसला की लगेच सोडा आणि नीट बसवा, तो निसटला तर थांबवता येत नाही.

दाब असताना बाकाभोवती हातोड्याने मध्यम टोले द्या, पत्र्यावर लाकूड ठेवून. यामुळे आतला ताण मोकळा होतो आणि सोडल्यावर बंपर कमी परततो.

तापवायचं का? दोन-तीन मिमीच्या पत्र्याच्या साध्या बाकाला गरज नसते. चॅनल जाड असेल आणि हटतच नसेल तर फक्त बाकाची जागा अंधारात जेमतेम तांबूस दिसेल इतपत तापवा आणि हवेतच गार होऊ द्या. पाणी ओतलं तर लोखंड ठिसूळ व्हायची भीती असते. भर उन्हात तांबूसपणा डोळ्यांना दिसत नाही आणि लोखंड नकळत जास्त तापतं, म्हणून हे काम सावलीतच करा.

पाइपच्या बंपरचा पाइप चेपला नसेल तर त्यात कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडं लाकडी गुडद्यांनी बंद करा आणि मग दाबा, गोलाई टिकते. असा भरलेला पाइप तापवू नये, ओल असेल तर वाफेने गुडदा गोळीसारखा उडतो. घडी पडलेला पाइप परत गोल होत नाही. क्रोमचा बंपर सरळ होतो पण बाकावरचं क्रोम तडकून निघतं, ते गृहीत धरा. प्लॅस्टिकचे कोपरे गरम पाण्याने मऊ करून आतून ढकलले की बहुधा जागेवर येतात.

एवढी जुळवाजुळव जमत नसेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा जवळच्या लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असते. आत ठोकळा भरूनच बंपर घेऊन जा आणि खडूने लिहिलेली मापं दाखवा. चांगल्या कारागिराला त्यातून सगळं कळतं.

ब्रॅकेट

बंपर सरळ केला आणि ब्रॅकेट तसंच ठेवलं, तर बोल्ट आवळताना बंपर पुन्हा ओढला जाऊन वाकडा बसतो. घरच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे.

दोन्ही ब्रॅकेट काढून एकमेकांना चिकटवून धरा. डावं-उजवं आरशातल्या प्रतिमेसारखं असतं, त्यामुळे न वाकलेलं ब्रॅकेट हाच नमुना. गुण्याने कोन तपासा. वाकलेलं ब्रॅकेट मोठ्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून लांब पाइपच्या दांड्याने सरळ करा. भोकाचं अंतर बदललं असेल तर भोक कानसीने मोठं करून वेळ मारून नेऊ नका. सैल भोकात बोल्ट हलतो, बंपर खडखडतो आणि महिनाभरात भोक दुप्पट होतं. लांबट भोकावर आतून ४ मिमी जाड, योग्य मापाच्या भोकाची पट्टी वेल्ड करा.

चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने ‘व्ही’ खाच करून ६०१३ चा २.५ मिमी वेल्डिंग रॉड ७०-९० अँपिअरवर चालवा. वेल्डिंग गाडीवर न करता सुट्या ब्रॅकेटवरच करा. गाडीवर करणं टळतच नसेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कपलर काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा.

पोचे, गंज, रंग

उरलेले पोचे आतून डॉली धरून बाहेरून हलक्या हातोड्याने काढा. पुट्टीने भरायची सवय इथे सोडावी. बंपर सतत हादरतो, त्यावरचा जाड थर पहिल्या पावसाळ्यातच सुटतो. एक-दीड मिमीपर्यंतच पुट्टी द्या, तीही उघड्या लोखंडावर किंवा एपॉक्सी प्रायमरवर. रेड ऑक्साइडवर पॉलिएस्टर पुट्टी धरत नाही. १०० ग्रॅम पुट्टीला साधारण २ ग्रॅम हार्डनर. मे महिन्यात सोलापुरात ती काही मिनिटांतच आवळते, म्हणून एका वेळी लिंबाएवढीच कालवा.

८० नंबरच्या कागदाने गंज काढा, मग १२० आणि २२०. थिनरने पुसून एपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, तेही आतल्या बाजूने आधी, कारण गंज आतून येतो. चॅनलच्या खालच्या कडेला पाणी वाहून जायला भोक नसेल तर ८ मिमीची दोन भोकं रंगाआधी पाडून घ्या. रंग सकाळी सात ते दहाच्या दरम्यान सावलीत मारावा. दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग बसण्याआधीच सुकतो आणि खरखरीत होतो. धूळ उडू नये म्हणून आधी जमिनीवर पाणी शिंपडा. दोन पातळ हात, मध्ये १५-२० मिनिटं. एक जाड हात दिला की ओघळ येतात.

बसवणं

जुने बोल्ट परत वापरू नका. डोक्यावर ८.८ लिहिलेले नवे बोल्ट, प्लेन वायसर आणि नवे नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट घ्या. नायलॉकची पकड एकदाच खरी असते. आधी सगळे बोल्ट हातानेच लावा, बंपर ठोकळ्यांवर मापात धरा आणि मग आवळा.

दोन मापं जुळली पाहिजेत: जमिनीपासून दोन्ही टोकांची उंची, आणि हौद्याच्या मागच्या कडेपासून बंपरचं डावं, मधलं, उजवं अंतर. ५ मिमीच्या आत फरक चालतो. आता फाळका (हौद्याचं मागचं दार) पूर्ण खाली सोडून बघा. तो बंपरला किंवा दिव्याला लागत असेल तर बोल्ट सैल करून बंपर हलवा. हे नंतर लक्षात आलं तर पहिल्याच लोडिंगला नवा रंग आणि दिव्याची काच दोन्ही जातात.

कंपनीच्या मॅन्युअलमधला टॉर्क मिळाला तर तोच वापरा. नाहीतर ८.८ ग्रेडच्या १० मिमी बोल्टला ४५ ते ५० न्यूटन मीटर आणि १२ मिमीला साधारण ८०. टॉर्क पाना नसेल तर ३० सेंमी लांब पान्याच्या टोकावर १६ किलोचा जोर म्हणजे जवळपास ४८ न्यूटन मीटर. १२ मिमीसाठी ४५ सेंमी पान्यावर १८ किलो. पाइप लावून लटकू नका, बोल्ट ताणला जातो आणि नंतर हादऱ्याने तुटतो.

वायरी जोडा, बॅटरी लावा. नंबर प्लेटचा दिवा, ब्रेक, इंडिकेटर आणि रिव्हर्स लाइट एक माणूस मागे उभा करून तपासा. रंगाखाली गेलेली लाल रिफ्लेक्टिव्ह टेप नवी लावा. मागे लालच हवी, पांढरी पुढे आणि पिवळी बाजूंना. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं आणि तिथे ती बघितली जाते. पण पासिंग नसलं तरीही लावा: रात्री पुणे-हैदराबाद रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत उभी असलेली गाडी मागच्या ट्रकवाल्याला त्या टेपमुळेच दिसते.

पन्नास-शंभर किलोमीटर, शक्यतो भरल्या गाडीने, चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा त्याच टॉर्कला आवळा. आधी प्रत्येक नटावर आणि पत्र्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे खाली न वाकताही कळतं. एकच नट पुन्हा-पुन्हा सैल होत असेल तर त्या बाजूचं ब्रॅकेट काढून खडू-रॉकेलने परत तपासा, बहुतेक वेळा तिथे नवी चीर सुरू झालेली असते.